पंगतीच्या टोकाला बसलेल्याचं काय? घरून काम, ऑफिसातून काम आणि मधला पंक्तिप्रपंच

जोराच्या दोन सरी पडल्या, हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी साचलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या की पुण्यात एक वाद हमखास पेटतो: घरून काम करू द्यावं की नाही? कंपन्या म्हणतात, आठवड्यातून इतके दिवस ऑफिसला आलंच पाहिजे. नोकरदार म्हणतात, एवढा वेळ रस्त्यात घालवून तिथे पोचायचं आणि शेवटी कॉलच करायचा ना?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या वादात एक प्रश्न कायम मागे राहतो. टीममधले काही जण ऑफिसात आणि काही जण बाहेर, ही व्यवस्था आता पुष्कळ ठिकाणी रुळली आहे. मग जो बाहेर आहे तो कामात खरोखर सामील असतो का, की नुसता हजेरीपटावर? गेली काही वर्षं मी खराडीत एक सॉफ्टवेअर टीम सांभाळते आहे आणि मला या प्रश्नाचं उत्तर एका चुकीतून कळलं. चूक माझी होती.

### चहाच्या टपरीवर बदललेला निर्णय

आमची टीम अकरा जणांची. सात जण ऑफिसात येतात. एक सहकारी बार्शीहून काम करते, एक नागपूरहून आणि दोघं पुण्यातच असले तरी बहुतेक दिवस घरून. एका मंगळवारी सगळ्यांचा कॉल झाला. ग्राहकाला पैसे परत करण्याची पद्धत बदलायची ठरली आणि ते काम बार्शीच्या सहकारीनं अंगावर घेतलं.

कॉल संपला. लॅपटॉप मिटले. आम्ही सात जण खाली टपरीवर चहाला गेलो. तिथे कुणीतरी म्हणालं, "अरे, पण बँकेकडून टेस्टचं खातं आलंय का?" आलेलं नव्हतं. मग चहा संपायच्या आत ठरलं, की हा बदल आत्ता नको, पुढच्या खेपेला करू. सगळे वर आले आणि आपापल्या कामाला लागले.

गुरुवारी संध्याकाळी बार्शीहून मेसेज आला: "मॅम, झालंय. बघून घ्या." दोन दिवसांचं काम, अगदी नीटनेटकं, टेस्टसकट. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी फोन करून माफी मागितली तर ती एवढंच म्हणाली, "ओके मॅम." तो "ओके" मला अजून ऐकू येतो.

यात कुणाच्या मनात खोट नव्हती. तिला वगळायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. आणि म्हणूनच ही गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण चांगल्या माणसांच्या टीममध्येही हे रोज घडतं.

### आधी दोन शब्द समजून घेऊ

ऑफिसपासून लांब, घरून किंवा गावाहून केलेलं काम म्हणजे रिमोट काम. काही दिवस किंवा काही माणसं ऑफिसात आणि बाकीची बाहेर, अशी मिश्र पद्धत म्हणजे हायब्रिड. कल्पना नवी नाही. प्रवासाऐवजी तारेवरून काम करता येईल, हा विचार अमेरिकेत जॅक निलेस यांनी १९७३ मध्येच मांडला होता. आपल्याकडे मात्र तो एका झटक्यात आला. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले आणि त्या महिन्याच्या अखेरीस शहरातल्या लाखो घरांमधली जेवणाची टेबलं ऑफिस झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं बीपीओंवरच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या कॉल सेंटरसारख्या कंपन्यांवरच्या, जुन्या अटी शिथिल केल्या आणि त्यांनाही घरून काम देणं सोपं झालं.

दुसरा शब्द आहे प्रॉक्सिमिटी बायस. जो डोळ्यांसमोर असतो त्याच्याकडे आपोआप जास्त माहिती, जास्त संधी आणि जास्त विश्वास जातो, त्याला हे नाव आहे. या इंग्रजी शब्दाची आपल्याला गरज नाही. मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना केलेला दुजाभाव.

लग्नाची पंगत आठवून बघा. जिलेबीचं ताट स्वयंपाकघरातून निघतं. दाराजवळच्यांना गरमगरम मिळते, आग्रहही होतो. टोकाला बसलेल्यापर्यंत ताट पोचेस्तोवर त्यात तुकडे उरतात, नाहीतर मठ्ठ्याची वेळ झालेली असते. वाढप्याच्या मनात त्याच्याबद्दल काही नसतं, तो फक्त लांब बसलेला असतो. हे ओळखून जाणता यजमान एक ताट घेऊन मुद्दाम टोकापासून वाढायला सुरुवात करतो.

### अंतरामुळे नेमकं काय तुटतं?

एमआयटीचे प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनिअर एकमेकांशी कितपत बोलतात याचा माग काढला होता. टेबलांमधलं अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्यानं घटतं आणि पन्नासेक मीटरच्या पलीकडे कामाचं नियमित बोलणं जवळजवळ थांबतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे एकाच इमारतीच्या दोन टोकांना बसलेले लोकसुद्धा एकमेकांना "लांबचे" होतात. बार्शी तर पुढची गोष्ट.

मायक्रोसॉफ्टनं २०२० मधला आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांचा संपर्क तपासला आणि २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे घरी गेल्यावर लोक बोलायचे थांबले नव्हते. पण ते आपापल्या गटातच जास्त बोलू लागले, गटागटांमधले पूल कमी झाले आणि समोरासमोर किंवा कॉलवर बोलण्याची जागा ईमेल-मेसेजनं घेतली. पुणेकराला हे चटकन कळेल. वाड्यात होतो तेव्हा चौकातल्या नळावर सगळ्यांची खबर मिळायची. फ्लॅटमध्ये आलो आणि समोरच्या दाराची ओळख राहिली, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते लिफ्टमध्ये कळतं. माणसं तीच, चौक गेला.

तिसरा अभ्यास मला सर्वात बोलका वाटतो. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास-कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. ज्यांना घरून काम करायचं होतं त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही निवडले. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण कामाच्या मानानं बघितलं तर त्यांना बढत्या कमी मिळाल्या. काम जास्त आणि बढती कमी! पंक्तिप्रपंचाचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

### कॉलवर काही माणसं गप्प का होतात?

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात किती वेळ जातो? दहा भाषांवरच्या एका अभ्यासात (२००९) ही फट सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघाली. इतक्या कमी वेळात आपण श्वासावरून, भुवईवरून, पुढे झुकण्यावरून ओळखतो की आता आपली पाळी. इंटरनेटवरून आवाज पोचायला लागणारा उशीर कधीकधी या फटीएवढाच, कधी जास्तही असतो. भजनात टाळकऱ्याला मृदंग अर्धा ठोका उशिरा ऐकू आला तर काय होईल, तसं होतं. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला". तेवढ्यात खोलीतला तिसराच बोलून मोकळा होतो. असं तीनदा झालं की लांबचा माणूस माइक बंद करून टाकतो आणि आपण समजतो, त्याला काही म्हणायचं नाही.

यात भाषेची भर पडते. आमच्याकडे मराठी माध्यमातून शिकलेली हुशार मुलं आहेत. टेबलापाशी येऊन ती अडचण झकास समजावून सांगतात, पण इंग्रजी कॉलवर मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. उलटही होतं. खोलीतले आम्ही मराठीत रंगात येतो आणि स्क्रीनवरचा कोइम्बतूरचा पाहुणा सहकारी नुसता हसत बसतो. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना मोकळीक हवी: अडलं तर मराठीत किंवा हिंदीत बोल, कुणीतरी दोन वाक्यांत इंग्रजी करेल. आणि आपण मराठीत घसरलो तर आपणच थांबून सांगायचं.

याचा कामाशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या संशोधक अनिता वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ लोकांचे छोटे गट करून त्यांना निरनिराळी कोडी आणि कामं दिली होती. २०१० मध्ये ते निष्कर्ष आले. गटाची एकत्रित हुशारी गटातल्या सर्वात बुद्धिमान माणसावर फारशी अवलंबून नव्हती. ज्या गटांत दोन-तीन जणच सगळं बोलत होते ते मागे पडले. बोलण्याच्या पाळ्या जिथे बऱ्यापैकी समान वाटल्या गेल्या ते गट सरस ठरले.

आम्ही तीन सवयी लावून घेतल्या. कॉलवरचं बोलणं लांबच्या माणसापासून सुरू करायचं, म्हणजे टोकापासून वाढायचं. विषय आणि प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवायचे, ज्याला विचार करून बोलायचं आहे त्याला रात्र मिळते. आणि एक जरी माणूस स्क्रीनवर असेल तर खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर यायचं. या तिसऱ्या सवयीला सुरुवातीला बराच विरोध झाला. शेजारी बसून हेडफोन काय लावायचे! पण खोलीतला एक माइक टेबलाच्या पलीकडची कुजबुज पकडत नाही आणि स्क्रीनवरच्याला फक्त हशा ऐकू येतो, कशावर ते नाही. आठवडाभर मीच घरून कॉलला बसले तेव्हा ते मला पटलं.

### "ठरलं" नावाची फाइल

सर्वात जास्त फरक मात्र याहून साध्या गोष्टीनं पडला. आम्ही एक सामाईक फाइल उघडली, तिचं नाव "ठरलं". नियम एकच: जे या फाइलीत नाही ते ठरलेलं नाही. टपरीवर ठरलं असेल तर टपरीवरून फोनवरच लिहायचं. एका नोंदीत तीनच गोष्टी असतात. त्या चुकीच्या मंगळवारची नोंद मी नंतर स्वतः लिहिली, ती अशी:

"ठरलं: पैसे परत करण्याचा बदल या खेपेला नाही, पुढच्या खेपेला. का: बँकेकडून टेस्टचं खातं आलेलं नाही. वेगळं मत: बार्शीचं म्हणणं, नकली खात्यावर बहुतेक तपासणी होऊ शकते."

ही तिसरी ओळ सोडू नका. ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही तेही कागदावर राहिलं की माणूस पुढच्या वेळी बोलतो.

या पद्धतीला ज्याच्या-त्याच्या वेळेनं काम करणं म्हणता येईल. दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावतो तसंच: "उद्या अर्धा लिटर जास्त." तो पहाटे येतो, आपण झोपलेलो असतो, काम अडत नाही. पुण्याला याची गरज जास्तच आहे, कारण इथली कितीतरी कामं अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की तोच कॉल साडेआठला, म्हणजे ऐन जेवणाच्या आणि मुलांना झोपवण्याच्या वेळी. तिकडच्या कुणाला याची जाणीवही नसते, सांगावं लागतं. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याच्या हक्कासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे टीमनं आपापसात ठरवणं, हाच आज हाताशी असलेला मार्ग आहे.

### "एवढं लिहीत बसलो तर काम कधी करायचं?"

हा आक्षेप मला सर्वात जास्त ऐकायला मिळतो. तीन ओळींना दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे न लिहिल्यामुळे दोन दिवस वाया गेले होते. शिवाय लिहायला बसलं की कित्येकदा कळतं, अजून नीट ठरलेलंच नाही. सगळंच लिहा असं मी म्हणत नाही. गप्पा गप्पाच राहू द्या, निर्णय लिहा.

### "कॅमेरा चालू ठेवायला काय हरकत आहे?"

कधीकधी काहीच नाही. ओळख होताना, अवघड विषय बोलताना चेहरा दिसलेला बरा. पण दिवसभर सक्ती नको. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलमुळे येणाऱ्या थकव्याची कारणं मांडली: सतत अगदी जवळून होणारी नजरानजर, स्वतःचाच चेहरा बघत राहणं, एका चौकटीत जखडून बसणं आणि हावभाव मुद्दाम करावे लागणं. त्याच गटाच्या पाहणीत साधारण सातातली एक बाई खूप किंवा अतिशय थकल्याचं सांगत होती, पुरुषांत हेच प्रमाण विसातला एक होतं. शिवाय वन-बीएचकेमध्ये मागे सासऱ्यांची खाट असते, दोरीवर कपडे असतात. लक्ष आहे की नाही हे त्या माणसाच्या कामावरून कळतं.

### "घरून काम म्हणजे आरामच की"

ज्यांना असं वाटतं त्यांनी एक दिवस एखाद्या घरी बसून बघावं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. त्यात बाई घरून काम करू लागली की "घरीच तर आहेस" हे वाक्य सुरू होतं. कुरिअर तिनंच घ्यायचं, पाहुण्यांना चहा तिनंच टाकायचा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत कॉलवर उत्तर द्यायचं. आमची घरून काम करणारी एक सहकारी बाळ झोपल्यावर रात्री दहाला आपलं काम संपवते आणि सकाळी साडेनऊच्या कॉलला तिचं नाव हिरवं, म्हणजे ऑनलाइन, दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल कुजबुज व्हायची. आता तिच्या कामाची वेळ तिच्या नावापुढे लिहिलेली आहे, कुजबुज थांबली.

वीजही सगळ्यांकडे सारखी नसते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. ज्याच्या सोसायटीत जनरेटर आहे तो निवांत असतो, ज्याच्याकडे नाही तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मग महत्त्वाचा कॉल गुरुवारी सकाळी का ठेवायचा? आम्ही तो बुधवारी नेला, खर्च शून्य.

अपंग सहकाऱ्यांचा विचार तर अजून क्वचित होतो. ज्याला व्हीलचेअर लागते त्याच्यासाठी घरून काम ही चैन नाही, नोकरी शक्य होण्याची अट असू शकते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो आणि कामाच्या जागी भेदभावाला मनाई करतो. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत, काम तसं असेल तर रजेनंतरही मालक आणि कर्मचारी यांनी आपसात ठरवून घरून काम करण्याची सोय आली. पुष्कळ बायकांना हे माहीतच नसतं. कमी ऐकू येणाऱ्यासाठी कॉलवर बोललेलं पडद्यावर उमटवणारी सोय चालू ठेवा. आमच्या इंग्रजी उच्चारांनी आणि आडनावांनी तिची भंबेरी उडते खरी, तरी ज्याच्या घरी मिक्सर चालू आहे त्यालाही ती उपयोगी पडते.

### "पण समोरासमोर भेटण्याची सर कशालाच नाही"

खरं आहे. नव्यानं लागलेल्या मुलांना शेजारी बसून जे शिकायला मिळतं ते कॉलवर मिळत नाही, हे मी रोज बघते. आमची सगळी टीम तीन महिन्यांतून एकदा पुण्यात भेटते, बार्शी-नागपूरचा प्रवासखर्च कंपनी देते आणि त्या दोन दिवसांत आम्ही कोड लिहीत नाही, बोलतो. थोडे दिवस ऑफिस आणि थोडे दिवस घर, ही पद्धत बऱ्याच अंशी जमते. ब्लूम यांनी त्याच चिनी कंपनीत १,६१२ जणांवर नंतर केलेल्या प्रयोगात, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी आणि बढत्या बाकीच्यांइतक्याच राहिल्या आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं घटले. तिथे सगळेच काही दिवस सगळ्यांना दिसत होते. जो कायमचा लांब आहे, त्याच्यासाठी यजमानालाच उठावं लागतं. साहेबांनी बढतीचा कागद हातात घेतल्यावर स्वतःला विचारावं: या माणसाचं काम मला आठवतंय, की फक्त चेहरा?

गेल्या वळवाच्या पावसात बार्शीत सकाळपासून लाइट नव्हती. त्या दिवशीच्या कॉलला ती येऊ शकली नाही, आम्ही ठरवलं ते फाइलीत लिहिलं. दुपारी तिनं ते फोनवर वाचलं आणि खाली एक ओळ टाकली: "नेट मध्येच गेलं तर पावती दोनदा निघते, ही बाजू राहिलीय." खोलीतल्या सात जणांपैकी कुणाच्याच लक्षात ते आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्णय बदलून फाइलीत गेला. नंतर आम्ही चहाला खाली उतरलो तेव्हा त्या विषयावर बोलायचं काही उरलं नव्हतं.